दुधाचा खाडा

आता कुणाच्या नावानं बोंब मारणार? ‘मंजूर’ म्हणणाऱ्यांत पारूबाईसुद्धा होतीच की.

संक्रांत होऊन गेली होती. वडमुरगीच्या दूध सोसायटीची सभा शाळेच्या पडवीत भरली होती. सेक्रेटरी महादेवप्पा घसा खाकरून एकेक ठराव वाचत होता. ‘सदर’ काय, ‘उपरोक्त’ काय, ‘तरतुदीनुसार’ काय. देवाला तरी कळलं असेल का कुणास ठाऊक. ठराव संपला की चेअरमन अण्णाराव मान वर करून विचारायचे, “मंजूर?” सतरंजीवर बसलेले म्हणायचे, “मंजूर!” मग पडवीच्या खाली, मातीत बसलेली बौद्धवाड्याची माणसंही म्हणायची, “मंजूर.” मोठ्या माणसानं चारचौघांत विचारल्यावर नाही कसं म्हणावं? त्यात चहाचं पातेलं उकळत होतं आणि पारूबाईला म्हशीला पाणी दाखवायचं होतं. तिनं तर एक ठराव वाचून व्हायच्या आधीच ‘मंजूर’ म्हणून टाकलं. सगळी सभा हसली. अण्णारावही हसले. म्हणाले, “बगा, पारूबाईला लई घाई हाय.”

हसण्यावारी गेला तोच ठराव. होळीपासून निवडणुकीपर्यंत ज्याचं दूध रोज सोसायटीत येईल, त्यालाच मत. मधे एक खाडा पडला की मत गेलं.

त्याचा अर्थ वाड्यातल्या लोकांच्या डोक्यात शिरला तेव्हा होळी आली होती आणि रानात हिरवं पान राहिलं नव्हतं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावात हलगी वाजली होती. आता उस्मानाबादचे हेलपाटे संपले, कचेरी दारात आली, असं जो तो म्हणत होता. जिल्हा जवळ आला, पाऊस मात्र लांब गेला. पहिल्या वर्षी मृग कोरडा गेला, दुसऱ्या वर्षी सगळाच पावसाळा. ओढ्यात नुसती वाळू तापायची. कडब्याची पेंढी लोक सोन्यासारखी उचलून घरात ठेवायला लागले. ज्यांच्या विहिरीला अजून मोटर लागत होती त्यांच्या दारात गवत होतं, म्हशींच्या कासेत दूध होतं. बाकीच्यांची जनावरं बाभळीचा पाला खाऊन हाडं मोजायला लावत होती.

पारूबाईकडं चांदी नावाची एक म्हैस होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. पोरगा रामकिशन लातूरला कलेक्टर कचेरीच्या नव्या इमारतीवर विटा वाहायला गेलेला. घरात सून सिंधु आणि सिंधुचं तान्हं पोर. पोर झालं तेव्हा सिंधुला चार दिवस चांगलं दूध आलं, मग आटलं. आटणार नाही तर काय? पोटात कण्या आणि पाणी. त्यामुळं चांदीच्या दुधातलं थोडं पोराला आणि बाकीचं सोसायटीला, असं चाललं होतं.

सोसायटीत सकाळी दोन रांगा लागायच्या. एक पडवीत, सावलीला. दुसरी खाली दगडापाशी. वाड्याचं दूध त्या दगडावर ठेवलेल्या बादलीत ओतायचं. आपल्या हातानं ओतायचं आणि मागं सरायचं. वरची रांग संपली की मग महादेवप्पा खाली उतरायचा आणि भांड्याला भांडं लागू न देता माप घ्यायचा. तोवर ऊन दगडावर आलेलं असायचं. मग कधी दुधाला वास यायचा, आणि महादेवप्पा खाली बघत म्हणायचा, “पारूबाई, आज नासलं जी. म्या काय करू?”

माणूस वाईट नव्हता. पण नुसतं वाईट नसून भागत नाही.

पारूबाई एकदा फटकन बोलली होती, “आप्पा, गाडीत गेल्यावर समदं दूध एकच होतंय न्हवं? लातुरात च्या पिणारा काय इचारतोय का, ह्यात दगडावरचं किती न् पडवीतलं किती?”

महादेवप्पा कसनुसं हसला. “खरं हाय बाई. पर गावचा दस्तूर हाय.”

हा दस्तूर मोडायचा म्हणून यंदा पंढरी उभा राहिला होता. पंढरी म्हणजे पारूबाईचा चुलत पुतण्या. दोन म्हशी, बोलायला धीट, सातवी शिकलेला. थेट अण्णारावांच्या माणसाविरुद्ध त्यानं अर्ज टाकला. वाड्याची मतं आणि गावातल्या गरिबांची मतं एक झाली तर तराजू बरोबरीचा होता, इकडचं एक तिकडं झालं तरी फिरेल असा.

होळीच्या दिवशी तो पारूबाईच्या अंगणात येऊन टेकला. “काकू, पंचात आपला एक माणूस गेला की पयलं काम, रांग एक. दगड उचलून वढ्यात टाकायचा. पर मत टिकलं पायजे. एक बी खाडा पडू देऊ नगा.”

“आरं, म्हशीच्या कासंत काय हाय का बाबा?”

“कपभर घाला. वाटीभर घाला. पर रोज घाला. एका मतानं हरलो न्हाई पायजे.”

“घालते,” पारूबाई म्हणाली.

पारूबाई एकदा घालते म्हणाली की घालते. शब्दाला पक्क्या ग्यानोबाची बायको होती ती.

*

पहाटे धार काढायची, दूध दगडावर ओतायचं, थांबायचं, माप झालं की तशीच पाझर तलावाच्या कामावर जायची. दिवसभर खडी फोडायची. हातोडीच्या दांड्यानं तळहाताला फोड यायचे, फुटायचे, त्यावर पुन्हा यायचे. येताना ओच्यात बाभळीच्या शेंगा गोळा करायची, चांदीसाठी. सांजच्याला सिंधु परातीत पीठ पसरायची आणि सासूला फुली मारायला शिकवायची. भिंतीवर तिनं कोळशानं कंदील काढला होता. पंढरीची निशाणी कंदील.

“आत्या, कंदिलाच्या म्होरं मारायची. रेघ भाईर जाऊ देऊ नगा, न्हाईतर मत बाद करतेत.”

“भाईर कशी जाईल? मेल्यांच्या छाताडावर मारल्यावानी मारते का न्हाई बग.”

सिंधु तोंडाला पदर लावून हसायची. परातीतल्या पिठात पारूबाईची फुली हळूहळू सरळ यायला लागली. मग तेच पीठ गोळा करून सिंधु भाकरी करायची. त्या दिवसांत पीठ वाया कोण घालवतो?

आणि चैत्र सरता सरता चांदीची वगार, तिचं एवढंसं रेडकू, मेली.

काही झालं नव्हतं तिला. सकाळी बसली ती उठली नाही. दूध सोसायटीला, उरलं ते पोराला. वगारीच्या वाट्याला रिकामे सड चोखणं आलं होतं. डोळे उघडे ठेवून ती खुंट्याशी आडवी पडली. चांदी तिला चाटत राहिली, नाकानं ढोसत राहिली. दुपारी हंबरायला लागली तर वाडाभर ऐकू गेलं.

संध्याकाळी पारूबाई कासेखाली बसली. चांदीनं पाय झाडला. सडांना हात लावू देईना. ओढून ओढून चार शिंतोडे आले, तेही मातीत गेले.

“पान्हा चोरून राहिली,” सिंधु म्हणाली. “वगार दिसल्याबिगर सोडायची न्हाई ती.”

पारूबाई कासेखालून उठली. तिला काय करायचं ते ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं हेच तिला नको होतं. मेलेल्या वगारीचं कातडं सोलायचं, आत भुस्सा भरायचा, शिवून म्हशीपुढं उभं करायचं. म्हैस वासावर भुलते, चाटते आणि पान्हा सोडते. तिच्या सासूनं तिला ते नव्या नवरीच्या वयात शिकवलं होतं. तेव्हा वाडा तेच काम करायचा. गावात ढोर मेलं की ओढायला वाडा, सोलायला वाडा.

मग वाड्यानं धर्म बदलला. ग्यानोबा तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. वाड्यातल्या सगळ्या सुऱ्या गोळा करून पडक्या आडात टाकणाऱ्यांत तो पहिला. गावानं सगळ्या वाड्याला वाळीत टाकलं, दळण बंद केलं, रानात पाय ठेवू दिला नाही. ग्यानोबाला तर ओढ्यात गाठून असा मारला की एक खांदा जन्मभर खाली राहिला. तरी पुन्हा हात लावला नाही. दोन वर्षांखाली मरताना बायकोला म्हणाला, “घरात कायी बी येऊ दे, पारू. हाडूक-कातडं येऊ देऊ नगं.”

अशा घरात आता काय करावं माणसानं?

“आत्या,” सिंधु हळूच म्हणाली, “न्हाई तर ऱ्हाऊ द्या. मत गेलं तर गेलं.”

“आन पोराचं दूध? ते बी गेलं तर गेलं का?”

“दुसऱ्या कुणाला बलवू की. निलंग्याचे हायेत न्हवं ते काम करणारे.”

“ते यायला दोन दिस लावतेत. न् आल्यावर कातडं घिऊन जातेत. भुस्सा काय तुज्या लुगड्यात भरू?”

सिंधुनं भिंतीकडं पाहिलं. तिथं दोन फोटो होते, एक बुद्धाचा, एक बाबासाहेबांचा. “मामांनी सुरी टाकली ती कुणाच्या सांगण्यावरनं टाकली, आत्या?”

“ठावं हाय मला.”

“मंग?”

“मंग मत कुणी दिलं? त्यांनीच न्हवं?” पारूबाईचा आवाज फाटला. “एका हातानं दिलं ते ठिवायला दुसऱ्या हातानं दिलेलं मोडावं लागून राहिलं, म्या काय करू सांग. तूच सांग, शिकलेली हायेस.”

सिंधु पाचवी शिकली होती. ती पोराला घेऊन आत गेली.

पारूबाईनं वगार पोत्यावर घेतली आणि ओढ्याकडं ओढत नेली. भाजी चिरायची विळी बरोबर होती. वाळूत बसून तिनं ते काम केलं. वाटलं होतं, विसरलो असू. कसलं विसरतंय! हातांना सगळं आठवत होतं. कुठं फाडायचं, कुठं मूठ घालून सोडवायचं. आठवत होतं याचीच तिला लाज वाटली. मधेच ती उठून लांब जाऊन ओकली, तोंड पुसलं आणि परत येऊन बसली. रडली पण. ओढ्यात कोण होतं बघायला? पण रडून झाल्यावर वर बघितलं तर पलीकडच्या काठावर अण्णाराव मोटरसायकल थांबवून उभे होते. पांढरं धोतर, कपाळाला भस्म.

“काय पारूबाई,” ते लांबूनच म्हणाले, “जुना धंदा परत सुरू का? बरं झालं. आमचा बी एक बैल टेकलाय.”

पारूबाईनं विळी वाळूत खुपसली. “मालक, मी माजी वगार सोलून राहिले. गावची न्हाई.”

“आगं, गंमत केली. राग कामून धरतीस?” ते हसले आणि गाडीला किक मारून गेले.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. कातड्याला मीठ चोळून, भुस्सा भरून, दाभणानं शिवून, पायांच्या जागी बाभळीच्या काठ्या घालून तिनं ते खुंट्याशी उभं केलं. डोळ्यांच्या जागी दोन भोकं. चांदी पुढं आली. हुंगलं. मान बाजूला केली, पुन्हा हुंगलं. मग खरबरीत जिभेनं मिठाचं कातडं चाटायला लागली, आणि पारूबाईच्या हाताखाली कास भरून आली.

सकाळी दगडावर दूध गेलं. खाडा पडला नाही.

*

दूध चालू राहिलं, पण चांदीत होतं तरी किती? वाटीभर, दीड वाटी. आधी सोसायटीचं माप व्हायचं, मग उरलं तर पोराचं. महादेवप्पानं एकदा सांगितलं होतं, वाटीभरापेक्षा कमी दूध मापात धरता येत नाही. त्यामुळं पोराच्या वाट्याला कधी अर्धी वाटी, कधी भांडं विसळलेलं पाणी. सिंधु कण्यांची पेज गाळून चमच्यानं पाजायची. पोर चमचा चोखायचं, मग तोंड फिरवून किरकिरायचं. आधी मोठ्यानं रडायचं, आता रडणंही बारीक झालं होतं. मांड्यांची कातडी लोंबायला लागली.

वाड्यातल्यांनीही बोलायचं ते बोलून घेतलं. कातड्याला हात लावला म्हणून दोन घरच्या बायका पारूबाईच्या अंगणात यायच्या बंद झाल्या. पंढरी आला, पण गोठ्याकडं पाहिलंच नाही त्यानं. चहा पिताना म्हणाला, “काकू, तुमचं मत म्हंजी दहा मतं हायेत बगा.” एवढ्या एका बोलावर पारूबाईनं दहा दिवस ढकलले.

एका सकाळी सिंधु दारात आडवी उभी राहिली. पोर खांद्यावर.

“आजच्याला राहू द्या, आत्या. आज समदं ह्याला द्या. बगा की कसं करून राहिलंय.”

पारूबाईनं पोराकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेलीच नसती. “चार दिसावर आलंय, सिंधे. आजवर काढलं न् आता मोडू? एकदा रांग एक झाली की आपलं दूध नासायचं न्हाई. समदं मापात जाईल, मंग घरात बी राहील. ह्याच्यासाठीच तर करून राहिले न्हवं मी?”

“ह्याच्यासाठी?” सिंधु म्हणाली. एवढंच. मग बाजूला झाली.

ते ‘ह्याच्यासाठी’ पारूबाईच्या कानात दगडापर्यंत वाजत गेलं. दूध ओतताना दोन थेंब दगडावर सांडले. तिनं ते बोटानं पुसून बोट चोखलं, कुणी बघत नाही असं पाहून.

*

मतदानाच्या दिवशी पारूबाईनं खडीच्या कामाला सुट्टी टाकली. केस विंचरले, पेटीतलं पांढरं लुगडं काढलं. ते ती जयंतीलाच नेसायची. सिंधुनं परात पुढं ठेवली. पारूबाईनं पिठात एक फुली मारली, अशी सरळ की सिंधुसुद्धा म्हणाली, “बरोबर.”

“येते,” पारूबाई म्हणाली आणि जाता जाता पोराच्या कपाळाला हात लावला. “आजच्यापुरतं रं लेकरा. उद्यापास्नं समदं दूध तुजंच.”

महादेवप्पानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, चिठ्ठ्या दुधाच्या कॅनमधे टाकायच्या. कॅनच्या झाकणाला फट पाडून कुलूप लावणार. पारूबाईच्या डोळ्यांपुढं महिनाभर तो कॅन होता. त्यात पडवीतल्यांची चिठ्ठी वर आणि वाड्याची खाली असं काही नव्हतं. पडेल तिथं पडायची.

शाळेपाशी आली तर मांडव घातलेला. हलगी वाजत होती. कॅन होता मांडवात, पण त्याला कुलूप नव्हतं. एक पोरगा त्यातून तांब्यानं ताक काढून लोकांना देत होता.

“आप्पा,” तिनं महादेवप्पाला गाठलं, “चिठ्ठी कुटं भेटंल?”

महादेवप्पानं तिच्या पांढऱ्या लुगड्याकडं पाहिलं. “पारूबाई… बिनविरोध झालं.”

“म्हंजी?”

“म्हंजी मतदान न्हाई. पंढरीनं अर्ज मागं घेतला. रातीच मठात बसून ठरलं. सकाळी मापाला सांगवलं न्हाई बगा. अण्णारावांनी त्याला राखीव जागंवर घेतलंय पंचात. आपला बी मान, त्यांचा बी मान.”

“आन मत?”

“मत कशाला लागतंय आता? एकोपा झाला न्हवं गावाचा.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “नव्या जिल्ह्याचे मोठे सायेब येणार हायेत म्हणं. बिनविरोध गावाला चाऱ्याच्या गाड्या आदी देणार. अण्णारावांनी सबूद टाकलाय.”

मांडवात अण्णाराव उभे होते. शेजारी पंढरी, गळ्यात झेंडूचा हार. अण्णाराव बोलत होते: आपलं गाव म्हणजे एक कुटुंब, कुटुंबात कधी मतं मोजतात का? मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “मंजूर?”

“मंजूर!” मांडव म्हणाला.

खाली उन्हात बसलेला वाडाही म्हणाला. आपला माणूस पंचात गेला म्हणून काही जण खुशीत होते, काहींना कळलं नव्हतं, काहींना ताक मिळालं होतं. पारूबाईनं तोंड उघडलं. ‘नामंजूर’ असा एक शब्द असतो हे तिला ठाऊक होतं, पण तो तिनं जन्मात कुणाच्या तोंडून सभेत ऐकला नव्हता. हलगी पुन्हा वाजायला लागली आणि ती तशीच उभी राहिली, उजव्या हाताची मूठ आवळून, जणू त्यात अजून कुणी पेन्सिल देणार होतं.

कुणीतरी तिच्या हातात ताकाचा तांब्या दिला. तिनं तो खाली ठेवला आणि घरी निघाली.

*

अंगणात आली तर गोठ्यात आवाज येत होता, कुरुकुरु चावल्याचा. चांदीनं कातडं फाडलं होतं. सुतळी तुटून वगारीचं पोट उघडं पडलं होतं, आणि चांदी त्यात तोंड घालून भुस्सा खात होती. आपल्याच लेकराच्या पोटातला. सकाळपासून तिच्यापुढं कुणी काडी टाकली नव्हती. पारूबाई मताच्या गडबडीत विसरली होती.

हाकलावं म्हणून तिनं हात उचलला. मग खाली घेतला.

“खा माय,” ती म्हणाली. “तू तरी खा.”

सिंधु बाहेर आली. पोर कडेवर, मान टाकून झोपलेलं. “आलात? दिलं मत?”

पारूबाईनं सुनेकडं पाहिलं. महिनाभर तिनं पेज गाळली होती, परातीत पीठ पसरलं होतं, त्या सकाळी दारातून बाजूला झाली होती. तिला काय सांगायचं?

“दिलं,” पारूबाई म्हणाली.

“फुली बरोबर आली?”

“हाव. सरळ आली.”

“रेघ भाईर न्हाई गेली?”

“न्हाई गेली गं.”

सिंधुच्या चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदा जरा उजेड आला. ती पोराच्या कानाशी बोलली, “बगितलंस का, आजीनं मत दिलं.” पारूबाई वळून रांजणाकडं गेली आणि उगाच तोंडावर पाणी मारत राहिली.

दिवस मावळायच्या आत हलगी वाड्यात आली. पंढरी पुढं, मागं चार पोरं. तो थेट पारूबाईच्या दारात थांबला आणि वाकून तिच्या पायाला हात लावला.

“काकू, बिनविरोध आलो.”

सिंधुनं त्याच्याकडं पाहिलं, मग सासूकडं.

“चाऱ्याच्या गाड्या येणार हायेत, काकू. आदी आपल्या गावाला. म्या म्हनलं, भांडून हरण्यापरीस आत जाऊन बसावं.” तो बोलत होता पण डोळे कुठंतरी कुडावर. हाराची फुलं सुकली होती. वाईट वाटत होतं त्याला. एवढं तरी खरं.

“रांगंचं काय ठरलं?” पारूबाईनं विचारलं.

“करू की. हळूहळू करू. आत गेलोय न्हवं आता.”

“आन दगड?”

पंढरीनं खिशातून कागदाची पुडी काढून सिंधुपुढं धरली. “पेढा हाय. सोसायटीनं वाटला. आपल्याच दुधाचा.”

सिंधुनं हात पुढं केला नाही. पंढरीनं पुडी कोनाड्यात ठेवली आणि निघाला. हलगी पुढच्या घराकडं गेली.

पारूबाई वाट बघत राहिली, सून आता बोलेल, शिव्या देईल, निदान भांडं आपटेल. सिंधु ओला फडका घेऊन भिंतीपाशी गेली आणि कोळशाचा कंदील पुसायला लागली. कंदील पूर्ण गेला नाही. भिंतीवर काळा डाग पसरला.

“खोटं कामून बोललात, आत्या?”

“तुला बरं वाटावं म्हून.”

“वाटलं होतं,” सिंधु म्हणाली.

*

सकाळी पारूबाई सोसायटीची किटली न घेता घरातली चरवी घेऊन गोठ्यात गेली. आज माप नव्हतं. आज दगड नव्हता. आलं तेवढं सगळं पोराचं. तिनं चांदीच्या पाठीवर थाप मारली, कासेवर पाणी शिंपडलं, खाली बसली.

चांदीनं मान वळवून खुंट्याकडं पाहिलं. तिथं सुतळीचा तुकडा आणि मोकळं कातडं पडलं होतं, चुरगळलेल्या पोत्यासारखं. तिनं ते हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग पाय झाडला.

“सोड माय,” पारूबाई म्हणाली. “आजच्याला सोड. आज घरात हाय.”

तिनं ते कातडं उचलून चांदीपुढं धरलं, दोन्ही हातांनी उभं धरायला गेली. ते हातातच वाकडं झालं. चांदी हंबरली आणि लांब सरकली. पारूबाईनं सड ओढले, चोळले, पुन्हा ओढले. चरवीत थेंब पडला नाही.

आत पोर उठलं होतं. तो बारीक, कोरडा आवाज गोठ्यापर्यंत आला. पारूबाई रिकामी चरवी घेऊन दारात उभी राहिली. सिंधुनं चरवीत वाकून पाहिलं. मग चुलीवर पाणी ठेवलं, कोमट होऊ दिलं, कोनाड्यातली पुडी काढली आणि पेढा वाटीत टाकून बोटानं कालवायला लागली.

पहिला चमचा तोंडात गेला तसं पोर गप्प झालं. डोळे मोठे करून त्यानं आईकडं पाहिलं आणि मिटक्या मारत दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.

“पितंय,” सिंधु म्हणाली.

“पिऊ दे,” पारूबाई म्हणाली. तिनं चरवी पालथी घातली आणि खडी फोडायला निघाली.